हरण्याचे बक्षीस आणि चिठ्ठीचा न्याय

आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत वर्ग सुटल्यावर मुलांना अर्धा तास खेळू देण्याची चाल आहे. दोघे नायक होतात आणि आळीपाळीने भिडू मागून घेतात. एकच बाजू दर वेळी भारी पडू लागली, तेव्हा आम्ही शिक्षकांनी एक नियम केला : मागच्या रविवारी जो पक्ष हरला असेल, त्याच्या नायकाने पहिला भिडू मागावा. नियम दुबळ्याला हात देणारा होता आणि सर्वांना तो पसंत पडला. पण महिनाभरातच एक गोष्ट नजरेस आली. खो-खोच्या डावात एक चपळ मुलगा हाताशी आलेला गडी सोडून एकाएकी मंदावला. जवळ बोलावून विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "सर, आज हरायचं ठरलंय. पुढच्या रविवारी बोर्डिंगातला दादा सुटीला येणार आहे. हरलो तर तो आम्हांला मिळेल."

आम्ही त्याला रागे भरलो. पण घरी परतताना मनात आले, अपराध नेमका कोणाचा? हरण्याला बक्षीस तर आम्हीच लावले होते!

हीच अडचण उत्तर अमेरिकेतल्या एका फार मोठ्या आणि श्रीमंत खेळाला गेली कित्येक वर्षे सतावीत आहे. तेथील अनुभव शिक्षकांनी व पालकांनी पाहण्याजोगा आहे, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडतो.

आपण हॉकी म्हटली की मैदान डोळ्यांपुढे येते. कॅनडा व अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळण्याची. तेथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ व्यावसायिक संघ आहेत. होतकरू तरुण खेळाडू या संघांनी कसे वाटून घ्यावेत यासाठी १९६३ पासून 'ड्राफ्ट' नावाची पद्धत आहे. ड्राफ्ट म्हणजे आपल्या मुलांचे भिडू मागणेच. हंगामात जो संघ तळाशी राहिला, त्याने आधी निवडावे, असे तिचे मूळ तत्त्व. श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत आणि पडलेल्याला उठता यावे, हा हेतू. त्यात दयाही आहे आणि व्यवहारही, कारण एकतर्फी सामने पाहायला लोक पैसे देत नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ पुढच्या वर्षी खालच्या वर्गात ढकलले जातात, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत हरण्याची धास्ती असते. या हॉकी लीगमध्ये तसे नाही. शेवटच्या संघाची जागा जात नाही, उलट त्याला पहिला भिडू मिळतो. मग मोह होणारच.

१९८३-८४ च्या हंगामात मारिओ लेम्यू नावाचा विलक्षण मुलगा पुढच्या ड्राफ्टमध्ये येणार हे सर्वांना ठाऊक होते. पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स हे दोन संघ तळाशी होते. पिट्सबर्गने रँडी कार्लाइल हा आपला नामांकित बचावपटू हंगाम संपण्याआधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि बऱ्यापैकी गोलरक्षक खालच्या संघात धाडून त्याच्या जागी दुसरा उभा केला. शेवटी पिट्सबर्गचे ३८ गुण झाले व न्यू जर्सीचे ४१. लेम्यू पिट्सबर्गला मिळाला, आणि १९९१ व १९९२ साली त्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. त्या हंगामातले प्रशिक्षक लू अँगॉटी यांनी हे सारे मुद्दाम घडले, असे पुढे अनेक वर्षांनी सांगितले. ज्या मुलासाठी एवढा खटाटोप झाला, त्याला शिकवण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. नव्या हंगामात त्यांच्या जागी दुसरा प्रशिक्षक आला.

नऊ वर्षांनी ऑटवा सेनेटर्स या नव्या संघाविषयी तीच कुजबुज उठली. १९९२-९३ मध्ये या संघाने ८४ पैकी फक्त १० सामने जिंकले. सान होझेच्या संघाचे गुणही तितकेच, म्हणजे २४ होते. परंतु त्याने एक सामना अधिक जिंकला होता, म्हणून शेवटचा नंबर व पहिली निवड ऑटवाकडे गेली. संघाच्या मालकाच्या तोंडून निघालेल्या उद्गारांवरून लीगने चौकशी केली. सामना मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही, पण त्या उद्गारांबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. गंमत अशी की, पहिला घेतलेला अलेक्झांडर डेग अपेक्षेइतका मोठा झालाच नाही. दुसऱ्या क्रमांकाने हार्टफर्डने घेतलेला ख्रिस प्राँगर मात्र खेळाच्या मानकऱ्यांत जाऊन बसला.

यानंतर १९९५ पासून लीगने सोडत सुरू केली. शेवटच्या संघाला पहिली निवड हक्काने मिळणार नाही. चिठ्ठी निघेल. जो जितका खाली, त्याची शक्यता तितकी अधिक, पण खात्री कोणालाच नाही. तर मग आमचा प्रश्न असा : चिठ्ठीच्या भयाने मुद्दाम हरणे थांबते काय?

थोडे थांबते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. याचा पुरावा शेजारच्या खेळातून मिळतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलने १९८५ साली सोडत आणली, तेव्हा अंतिम फेऱ्यांत न पोचलेल्या सर्व संघांना अगदी सारखी शक्यता दिली होती. पुढे तळाच्या संघाला अधिक शक्यता देण्यात आली. बेक टेलर व जस्टिन ट्रॉग्डन या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सोडत नव्हती त्या हंगामात आशा संपलेले संघ प्रमाणाबाहेर हरत होते. सारख्या शक्यतेच्या हंगामात ती खूण दिसली नाही. शक्यतेला उतरंड लावताच ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे माणसे बदलली नव्हती, फक्त हरण्याची मजुरी कमीजास्त झाली होती.

हॉकीतही असेच झाले. पहिली बरीच वर्षे शेवटचा संघ सोडतीत हरला, तरी फार तर दुसऱ्या जागी घसरे. २०१५ साली कॉनर मॅक्डेव्हिड आणि जॅक आयकल असे दोन अव्वल तरुण एकाच वेळी पुढे आले. चिठ्ठी फक्त पहिल्या जागेसाठी निघणार होती. तेव्हा जो शेवटचा राहील, त्याला मॅक्डेव्हिड नाही तर आयकल मिळणार हे नक्कीच होते. सोडत असूनही शेवटच्या जागेची किंमत कमी झालीच नव्हती. २६ मार्च २०१५ रोजी बफेलो शहरात ॲरिझोनाचा पाहुणा संघ आला. दोघेही तळाचे. जादा वेळात ॲरिझोनाच्या सॅम गान्ये याने विजयी गोल केला, आणि बफेलोच्याच लोकांनी आपल्या घरच्या बर्फावर टाळ्या पिटल्या! घाम गाळणाऱ्या खेळाडूंना ते फार लागले. काहींनी नंतर पत्रकारांपाशी ते बोलून दाखवले.

त्या वर्षी बफेलो शेवटचा राहिला, पण चिठ्ठी निघाली एडमंटनच्या नावाची. त्याची शक्यता होती अवघी ११.५ टक्के. शिवाय २०१०, २०११ आणि २०१२ या तिन्ही वर्षी पहिली निवड त्यालाच मिळालेली होती. बफेलोला आयकल मिळाला. २०२१ साली तोही दुसऱ्या संघात गेला आणि २०२३ मध्ये तेथे त्याने स्टॅन्ली चषक उचलला. बफेलोचा संघ मात्र २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम अंतिम फेऱ्यांपर्यंत पोचू शकला नाही. हरण्याची सवय एकदा घरात शिरली की, बोलावणाऱ्याच्या सोयीने ती बाहेर जात नाही.

लीगने २०१६ पासून एकाऐवजी तीन जागांच्या चिठ्ठ्या काढायला आरंभ केला. आता शेवटचा संघ चौथ्या जागीही घसरू शकत होता. २०२० साली डेट्रॉइटच्या बाबतीत असेच झाले. ७१ सामन्यांत १७ विजय, सर्वांत दुबळा संघ, आणि निवड मिळाली चौथी. मग ओरड झाली की, ज्याला खरी गरज आहे त्यालाच मदत पोचत नाही. २०२१ पासून चिठ्ठ्या दोन जागांवर आणल्या. २०२५ च्या सोडतीत शेवटच्या सान होझेला पहिल्या जागेची शक्यता २५.५ टक्के होती आणि न्यू यॉर्क आयलंडर्सला ३.५ टक्के. चिठ्ठी आयलंडर्सची निघाली.

येथे खरा पेच उघड होतो. चिठ्ठीचा भाग वाढवला, तर लबाडाची मजुरी घटते, पण खऱ्या दुबळ्याचा घासही काढून घेतला जातो. तो भाग कमी केला, तर दुबळ्याला मिळते, पण लबाडालाही मिळते. चिठ्ठीला दोघांतला फरक कळत नाही, कारण दोघांचेही गुण सारखेच दिसतात.

पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग आहेत. कनान देश वंशांना वाटून दिला तो चिठ्ठ्या टाकून. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तीही चिठ्ठीने. पण प्रेषितांनी काय केले ते पाहा. त्यांनी आधी दोन योग्य पुरुष पारखून पुढे उभे केले, प्रार्थना केली, आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. जेथे दोघे सारखेच लायक आहेत तेथे तंटा मिटवण्याचे काम चिठ्ठी करते. माणसाचे मन पारखण्याचे काम मात्र तिच्यावर कोणी सोपवले नव्हते. ते माणसांनीच करावयाचे असते.

कोणी म्हणेल, पुढच्या वर्षांसाठी आजचे नुकसान सोसणे यात पाप कसले? शेतकरीही जमीन पड ठेवतो. हे म्हणणे रास्त आहे. थकलेले खेळाडू देऊन तरुण घ्यावेत, दोन वर्षे हार सोसावी, यात लबाडी नाही. पण जमीन पड ठेवणे वेगळे आणि सरकारी मदत मिळावी म्हणून उभे पीक वाळू देणे वेगळे. आमच्या मते कसोटी सोपी आहे. तिकीट काढून आलेल्या बापलेकांना संघाचा चालक तोंडावर सांगू शकेल काय, की आज आमचा संघ जिंकू नये अशी आमची इच्छा आहे? जे सांगता येत नाही, तेथे विश्वासघात आहे. आणि सहसा हा घात बर्फावरचा खेळाडू करीत नाही. त्याला तर आपली भाकर टिकवण्यासाठी जीव तोडूनच खेळावे लागते. हार ठरते ती वरच्या खोलीत, आणि लाज वाट्याला येते ती खाली खेळणाऱ्याच्या.

मग मार्गच नाही काय? एक आहे, आणि तो आम्हांला फार बोधप्रद वाटतो. ॲडम गोल्ड नावाच्या अभ्यासकाने सुचवले की, अंतिम फेऱ्यांची आशा संपल्याच्या दिवसापासून संघ जे गुण कमावील, त्यांवर निवडीचा क्रम ठरवावा. तेथून पुढे जो जास्त जिंकेल, तो आधी निवडील. सर्वांत दुबळ्या संघाची आशा सर्वांत आधी संपते, म्हणून गुण कमावायला त्याला सर्वांहून जास्त सामने मिळतात. दुबळ्यावरची दया तशीच राहते, पण ती घेण्यासाठी त्याला उठून धावावे लागते. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने २०२४ च्या आपल्या पहिल्याच हंगामापासून ही रीत स्वीकारली. त्या वर्षी तळाला राहिलेल्या न्यू यॉर्कच्या संघानेच पहिली निवड कमावली, आणि ती खेळून कमावली. तिच्यातही पुढे कोणी पळवाट काढील, कारण माणूस तोच आहे. तरी या नियमात जिंकण्याचा प्रयत्न करणे कोणाच्याही तोट्याचे होत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

वाचक बंधुभगिनींनो, मंडळीतून आपण गरीब मुलांना फी देतो, आजाऱ्यांना मदत देतो, मागे पडलेल्याला पुढे बसवतो. कोणी खोटे दुबळेपण पांघरून येतो, तेव्हा आपल्यातला एखादा म्हणतो, बंद करा ही मदत. दुसरा म्हणतो, चिठ्ठ्या टाका म्हणजे तक्रार नको. दोन्ही उपायांनी देणाऱ्याचा त्रास तेवढा वाचतो. दया बंद करू नये, आणि ती नशिबावरही सोपवू नये. घेणाऱ्याचे धावणे चालू राहील अशा रीतीने ती द्यावी. त्यासाठी घेणाऱ्याला जवळून ओळखावे लागते, आणि या कामाला वेळ लागतो.

पुढच्या रविवारी आम्ही मुलांसमोर उभे राहून सांगितले की, त्या दिवशी चूक आमचीही होती. अडखळण आम्हीच वाटेत ठेवली होती. आता पहिला भिडू मागण्याचा मान हरलेल्या पक्षाचाच आहे, पण अखेरच्या डावात त्याने मागच्यापेक्षा अधिक गडी बाद केले असतील तरच. तो चपळ मुलगा आता मंदावत नाही. त्याला रागे भरलो होतो, त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकहो, मुलांना प्रामाणिकपणाचा धडा देण्याआधी आपापले नियम एकदा तपासून पाहू या. आपण त्यांना नेमके कशाचे बक्षीस देत आहोत?