वहीतली शिकार, चित्रातला पक्षी

१६१२ साली दरबारी मुकर्रबखानाने गोव्याहून बादशहा जहांगीरसाठी काही अपूर्व प्राणी नेले. त्यांत एक टर्की कोंबडा होता. बादशहाने असा पक्षी कधी पाहिला नव्हता. त्याने आत्मचरित्रात त्याचं वर्णन लिहिलं आणि चित्रकारांकडून चित्रही काढून घेतलं. उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याची लोंबती कातडी, पिसांची एकेक ओळ पाहताना जाणवतं, की इतक्या मायेने पाखराकडे पाहणारा डोळा विरळाच.

त्याच आत्मचरित्रात जहांगीरने आपल्या शिकारीचा हिशेबही मांडला आहे. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत स्वतःच्या हाताने मारलेले प्राणी : १७,१६७. दरबारात शिकारीची चित्रं पुष्कळ झाली, पण ती पराक्रमाची. हा आकडा वहीतच राहिला. त्यात जहांगीरला विसंगती वाटली नसावी. रानाला अंत आहे, हे तेव्हा मनात येणंच अवघड होतं. मन्सूरच्याच नावावर डोडोचं एक चित्र आहे, साधारण १६२५ चं. ते शतक संपण्याआधी डोडो पृथ्वीवरून गेला. कौतुकाने रंगवलेलं ते चित्र आज अभ्यासकांना पुरावा म्हणून लागतं.

दोनशे वर्षांनी अमेरिकेत जॉन जेम्स ऑड्युबॉन पक्षी मारायचा, तारांनी त्यांना जिवंतासारखं उभं करायचा आणि मग रंगवायचा. १८२७ ते १८३८ या काळात त्याची ४३५ चित्रं छापून झाली. पॅसेंजर कबुतरांबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचवत नाही. १८१३ मध्ये त्याने पाहिलेल्या थव्याने भर दुपारी ग्रहण लागल्यासारखा अंधार केला. केंटकीतल्या एका जंगलात रात्री कबुतरं इतकी उतरली, की त्यांच्या भाराने फांद्या कडाडून मोडल्या. खाली माणसं काठ्या, बंदुका आणि जळतं गंधक घेऊन टपलेली. मेलेली कबुतरं खाऊन माजावीत म्हणून डुकरांचे कळप हाकून आणलेले. तरी त्याला वाटलं, की हळूहळू जंगलं घटली तरच हा पक्षी कमी होईल. म्हणजे जंगलतोडीची जाणीव त्याला होती, कत्तलीचं भय नव्हतं. आणि चित्रात त्याने काय रंगवलं? चोचीत चोच घालून घास भरवणारी एक जोडी. संहार पुन्हा लेखणीकडेच राहिला.

१ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. पॅसेंजर कबुतर संपलं.

त्यानंतर निसर्गचित्रकाराला निर्दोष राहता येईना. अलेक्सिस रॉकमनने २००४ मध्ये २४ फूट लांबीच्या चित्रात भविष्यातलं बुडालेलं ब्रुकलिन दाखवलं. ते भव्य आहे, पण त्यात आपल्याला भीती वाटते ती आपल्या शहरांची. मला वॉल्टन फोर्ड अधिक खोल वाटतो, कारण तो मागे वळला. ऑड्युबॉनचीच शैली, तसेच जलरंग, जुन्या कागदाचा तोच पिवळेपणा. फक्त पूर्वी जे वहीत दडायचं ते तो चित्रात आणतो. २००२ च्या त्याच्या ‘फॉलिंग बाउ’मध्ये एक प्रचंड फांदी कोसळते आहे, आणि तिला लगडलेली शेकडो पॅसेंजर कबुतरं आपसात झोंबताहेत. ऑड्युबॉनने ऐकलेला तो कडाडा त्याच्या स्वतःच्या चित्रांत कुठेच नव्हता. तो रंगात उतरायला जवळपास दोन शतकं जावी लागली, आणि तोवर त्या फांदीवर बसणारं एकही पाखरू उरलं नव्हतं.