सावलीच्या चित्रकाराला भिंत हवी

चित्रकार शिकतो तो कुठे, असे विचारले तर बहुतेक जण कलामहाविद्यालयाचे नाव घेतील. थोडा विचार करणारे निसर्गाचे, गुरूचे किंवा रोजच्या सरावाचे नाव घेतील. प्रदर्शनाचे नाव सहसा कोणी घेत नाही. प्रदर्शन म्हणजे शिकून झाल्यावरचा समारंभ, अशीच आपली समजूत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या चित्रकारांचे सर्वांत मोठे नुकसान या समजुतीने केले आहे.

सावली तालुका पाहा. एका बाजूला मूल तालुका, दुसऱ्या बाजूला वैनगंगा नदी आणि पुलापलीकडे गडचिरोली. असोला मेंढ्याचे पाणी, मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या, त्यामागे सागाचे आणि मोहाचे रान. श्रावणात इथे हिरव्याच्या इतक्या छटा दिसतात की रंगपेटीतल्या हिरव्या नळीला हात लावायची लाज वाटावी. फाल्गुनात पळस फुलला की मोजक्या रंगांत भागवावे लागते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा जलरंगाचा हात कागदावर फिरेपर्यंत वाळतो, म्हणून भल्या पहाटे काम उरकावे लागते. पावसाळ्यात तोच कागद दमट होतो आणि रंग पसरतो. हे सगळे शिक्षणच आहे, आणि ते इथे भरपूर मिळते. मात्र आपली दहा चित्रे आपल्या घराबाहेरच्या एका स्वच्छ भिंतीवर, चांगल्या उजेडात ओळीने लावून अनोळखी माणसांच्या गर्दीत उभे राहून ती पाहायची सोय इथल्या चित्रकाराला नाही.

ही सोय चैनीची नाही. घरात एकेक चित्र सुटे पाहिले की प्रत्येक चित्र चांगले वाटते. दहा एकत्र लावली की कळते, सहा चित्रांत आकाश एकाच सवयीने रंगवले आहे. झाडाची फांदी दरवेळी उजवीकडूनच आत येते. ज्याचा अभिमान होता ते चित्र शेजारच्या साध्या रेखाटनापुढे ओरडते आहे. प्रदर्शनाची तयारी म्हणजे मुख्यतः निवड, आणि निवड म्हणजे वगळणे. कोणते चित्र न्यायचे नाही हे ठरवताना चित्रकार स्वतःला जितका ओळखतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने ओळखत असेल. मग माउंट किती रुंद ठेवायचा, काच लावायची की नाही, कोणत्या चित्राशेजारी कोणते, नजरेच्या कोणत्या उंचीवर, तैलरंग पुरता वाळला आहे का, किंमत किती लिहायची, असे प्रश्न येतात. दिसायला हे किरकोळ आहेत. पण त्यांतला प्रत्येक प्रश्न चित्राकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लावतो.

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण इथल्या माणसाला जवळचे वाटावे असे आहे. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण रानातच गेले. ककैयाच्या प्राथमिक शाळेत गुरुजींनी या चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहत बसायला लावले, हा प्रसंग रझा आयुष्यभर सांगत आले. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि तिथून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीत त्यांचे एकल प्रदर्शन झाले, १९४८ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. एखाद्याचे शिक्षण इथे संपले असते. पण त्याच वर्षी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि हात चांगला आहे पण बांधणी कच्ची आहे, सेझान अभ्यासा, असे सुचवले. सुवर्णपदकवाला चित्रकार १९५० मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला आणि पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसला. १९५६ मध्ये त्यांना तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. शाळेतला बिंदू त्यांच्या कॅनव्हासवर ठळकपणे आला तो त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, साठीकडे झुकताना.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की रझांना तो सल्ला मिळाला कारण चित्रे कोणाच्या तरी डोळ्यांसमोर होती. ट्रंकेत ठेवलेल्या चित्रांची बांधणी कच्ची आहे हे कोणी सांगू शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फार लवकर, फार वेळा प्रदर्शने भरवणारा चित्रकार बिघडतो. विकले गेलेले चित्र तो पुन्हा पुन्हा काढू लागतो. हे खरे आहे. नागपूरलाच जन्मलेले वासुदेव गायतोंडे याबाबतीत दुसऱ्या टोकाला उभे आहेत. परिपक्व काळात ते वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. रंगाचे थर रोलरने आणि चाकूने चढवायचे, कागदाच्या कपट्यांनी उचलायचे, आणि मधला बराचसा काळ नुसते बसून पाहायचे, अशी त्यांची रीत होती. प्रभाकर बरवे वर्षानुवर्षे डायऱ्यांत रेखाटने आणि विचार शेजारी शेजारी लिहीत राहिले. १९९० मध्ये आलेले ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक त्याच अखंड विचारातून घडले. दोघेही संथ, दोघेही एकांतप्रिय. तरी दोघांनाही मुंबईत भिंती उपलब्ध होत्या. त्यांचा एकांत त्यांनी स्वतः निवडलेला होता. सावलीच्या चित्रकाराचा एकांत त्याच्यावर लादलेला आहे, आणि या दोन एकांतांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे.

मंडल्याकडे पुन्हा वळायला हवे, कारण चांद्याची, म्हणजे चंद्रपूरच्या मुलखाची, तुलना त्याच्याशीच होऊ शकते. दोन्हीकडे गोंड राज्ये होती, दोन्हीकडे दाट रान आणि तशीच गरिबी. त्याच जुन्या मंडला जिल्ह्यातल्या पाटणगढचा एक परधान गोंड तरुण, जनगढसिंह श्याम, घरांच्या भिंतींवर चित्रे काढत होता. १९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या तरुण कलावंतांच्या नजरेला ती चित्रे पडली. १९८२ मध्ये भारत भवन उघडले तेव्हा जनगढची चित्रे तिथे लागली. पुढे तो भोपाळलाच राहिला, मुद्राचित्रणाच्या विभागात काम करू लागला, पोस्टर रंग आणि काळ्या शाईची रेघ रोज हाताळू लागला. त्याची ठिपक्यांची आणि रेघांची शैली या रोजच्या कामातून पक्की झाली. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात तो होता, आणि त्याच्या मागे त्याच्या नातलगांची एक आख्खी पिढी चित्रकार झाली. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला, ही या कथेची काळी बाजू. दूरच्या भिंतीवर एकट्याने टांगले जाण्याची किंमत फार मोठी असते, हेही त्यातून शिकले पाहिजे.

महाराष्ट्रात असे घडले ते डहाणूला. भास्कर कुलकर्णी नावाचा मराठी चित्रकार १९६०च्या दशकात मिथिलेतल्या बायकांपर्यंत कागद घेऊन गेला होता. पुढे तोच वारल्यांच्या पाड्यांत पोचला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकापुरते चित्र न ठेवता रोज काढायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. रोज काढणे आणि बाहेर दाखवणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा त्यांच्या मासळीच्या जाळ्यातल्या रेघांना ती अफाट लय आली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मात्र कागदाचे भेंडोळे घेऊन कोणी भास्कर कुलकर्णी आला नाही.

हात कमी आहेत म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू नये. झाडीपट्टी रंगभूमी याच मुलखाची. धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालते. राजवाडा, रस्ता, जंगल दाखवणारे पडदे रंगवणारे हात इथलेच. पंधरा-वीस फुटांच्या कापडावर, लांबून आणि रात्रीच्या दिव्यांत कसे दिसेल याचा अंदाज घेत रंग लावणे ही शहरातल्या अनेक पदवीधरांना न जमणारी विद्या आहे. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, गणपती आणि शारदेच्या मूर्ती यांवर हेच हात चालत आले. फ्लेक्स आला आणि पाट्यांचे काम गेले. त्या कामाबरोबर रोजचा सरावही गेला, आणि त्याची नोंद कुठल्याच खात्याने ठेवली नाही. दुसरीकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांना गावोगावची मुले बसतात, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढतात, दहावीच्या वाढीव गुणांची नोंद होते आणि ब्रश कायमचा खाली ठेवला जातो. कारण पुढची पायरी दिसतच नाही. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय गाठायचे म्हणजे घर सोडायचे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात जागा मिळवायची तर वर्षानुवर्षे थांबायचे आणि चौकटी बांधून हजार किलोमीटरचा प्रवास करायचा.

मोबाईलवर जगभर चित्र दाखवता येते, मग भिंत कशाला, असेही विचारले जाते. मोबाईलवर दोन फुटांचे आणि दोन इंचांचे चित्र सारखेच दिसते. रंगाचा थर, कागदाचा पोत, चार पावले मागे गेल्यावर बदलणारा तोल यांतले काहीच तिथे पोचत नाही. शिवाय मोबाईलवरचा माणूस अंगठा दाखवून पुढे जातो. चित्रासमोर उभा राहिलेला शेतकरी मात्र विचारतो, ‘ही बांधी कोणाची? रोवणा झाला का फुटवे आले?’ आणि चित्रकाराला तेव्हाच कळते की रोपांचा हिरवा चुकला आहे.

गावात प्रदर्शन हे काही नवे स्वप्न नाही. १९३६च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या आरंभी गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी याच सावलीत राहिले होते. त्याच मार्चच्या अखेरीस लखनौ काँग्रेसच्या प्रदर्शनाचे उद्घाटन त्यांनी केले. तिथला कलाविभाग नंदलाल बोस यांनी मांडला होता. डिसेंबरमध्ये खानदेशातल्या फैजपूरला खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेही नंदलालबाबूंनी गावातल्याच साहित्याने सजवले. १९३८च्या हरिपुरा अधिवेशनासाठी शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या या पंचावन्न वर्षांच्या प्रमुखाने हातकागदावर मातीच्या रंगांनी ढोलकी वाजवणारे, सुतार, कापूस पिंजणारा, स्वयंपाक करणारी बाई अशी ऐंशीहून अधिक चित्रे केली. ती वाटेवरच्या कमानींवर, तंबूंवर लागली आणि चालत आलेल्या खेडुतांनी पाहिली. आज ती आधुनिक भारतीय कलेतली अव्वल कामे मानली जातात. बांबू, चटई आणि मोकळे आकाश एवढ्यावर हे झाले. बांबूची उणीव तर गडचिरोलीला कधीच नव्हती.

म्हणून मागणी मोठ्या इमारतीची नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखादे सभागृह वर्षातून पंधरा दिवस चित्रांसाठी राखून ठेवावे. भिंती पांढऱ्या कराव्यात, दिवे नीट लावावेत. झाडीपट्टीचा हंगाम चालू असताना, माणसे गावोगाव फिरत असताना ते भरवावे. त्यात पडदे रंगवणारे, चित्रकला शिक्षक, इंटरमिजिएट झालेली मुले आणि माडिया-गोंड घरांतल्या भिंती सजवणाऱ्या बाया एकाच ओळीत असाव्यात. निवड करायला नागपूरहून एक जाणता चित्रकार बोलवावा, आणि त्याने नाकारलेल्या प्रत्येक चित्राचे कारण त्या चित्रकाराला समोर बसवून सांगावे. जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात एवढ्यासाठी लागणारी रक्कम काढणे अवघड नाही. सावली, मूल आणि गडचिरोलीच्या लोकप्रतिनिधींनी ती येत्या आराखड्यात मागावी, आणि तोवर प्रत्येक शाळेने आपला एक वर्ग दिवाळीच्या सुट्टीत चित्रकारांना उघडून द्यावा.