ज्योत आणि काजळी

वार्धक्य हें देहावर बाहेरून येणारें संकट कीं जगण्याचेंच मोल, हा प्रश्न पूर्वीं तत्त्वचिंतकांचा होता. आतां तो प्रयोगशाळेंतहि विचारला जातो. आपल्या पेशींत तंतुकणिका नांवाचे अतिसूक्ष्म घटक असतात. अन्न आणि प्राणवायु यांच्या योगानें त्या देहास शक्ति पुरवितात. अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांच्या आंतील पडद्यांतून हातोहात पुढें जातात. त्यायोगें पडद्याच्या एका बाजूस प्रोटॉन सांचतात, आणि धरणाच्या पाण्यानें चक्र फिरावें त्याप्रमाणें त्यांच्या परतीच्या ओघानें एटीपी हें शक्तिद्रव्य घडतें. ही उपपत्ति पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडली.

परंतु ज्योत म्हटली कीं काजळी आलीच. कांहीं इलेक्ट्रॉन वाटेंतच निसटतात आणि प्राणवायूपासून दाहक रेणु निर्माण करितात. अशा रेणूंमुळेंच आपण म्हातारे होतों, असें डेनहॅम हरमन यांनीं १९५६ सालीं सुचविलें, आणि १९७२ सालीं त्याचें मूळ तंतुकणिकांत असल्याचें प्रतिपादिलें.

हेंच पूर्ण सत्य मानिलें, तर त्यांतून कृपणाची नीति निघते: जो कमी झिजेल, तो अधिक टिकेल. परंतु २००९ सालीं प्रसिद्ध झालेला जर्मनींतील एक प्रयोग पाहा. कांहीं तरुणांनीं चार आठवडे व्यायाम केला. त्यांतील ज्यांना हे रेणु शमविणारीं ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वें दिलीं, त्यांच्या देहांत इन्सुलिनचें कार्य सुधारलें नाहीं. ज्यांना दिलीं नाहींत, त्यांचें सुधारलें. म्हणजे ही काजळी केवळ विष नव्हे. देहानें आपलें संरक्षण उभारावें अशी सूचनाहि तीच देते. झीज टाळूं पाहणारा तिच्यापासून होणाऱ्या लाभासहि मुकतो.

तथापि दुसऱ्याच्या लोभापायीं अकालीं झिजलेल्या मजुरास ‘झीज हा निसर्गनियमच आहे’ असें ऐकविणें, हा विज्ञानाचा दुरुपयोग होय. झीज होते, एवढेंच निसर्ग सांगतो. ती कशासाठीं आणि कोणाच्या इच्छेनें व्हावी, हें मनुष्यानें ठरवावयाचें असतें. आयुष्य वाढविण्याचे उपाय अवश्य शोधावेत. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु वाढलेलें आयुष्य खर्च न करितां केवळ जपून ठेवावें, ही इच्छा व्यर्थ होय. काजळीच्या भयानें ज्या घरांत दिवाच लावीत नाहींत, तेथें उजेड कोठून येणार?