खुंट्याला दुसरा हात

संसारातले काम हेच देवाचे भजन, हा विचार आपल्या संप्रदायाला नवा नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी स्वकर्म हीच ईश्वराची पूजा सांगितली. सावता महाराजांनी अरणला मळा राखता राखता ती करून दाखविली. तेव्हा वचनाविषयी शंका नाही. शंका एवढीच, की ते कोणी कोणाला ऐकवावे?

आमच्या लहानपणी घरातला दिवस जात्यावर उजाडे. आई नि काकू समोरासमोर बसून खुंटा धरीत, पीठ पडे नि ओव्या चालत. मग सडा-सारवण, आडाचे पाणी, चूल. सांजेला कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम आम्हां पोरांकडे. दिवा लागला की हरिपाठ. आता हे सारे आठवले म्हणजे गोडीच तेवढी आठवते, कष्ट आठवत नाहीत. कारण उघड आहे. ओवी आमच्या कानी होती, खुंटा दुसऱ्याच्या हाती होता.

बारशीचेच पाहा ना. एकादशीचा उपवास घरात सर्वांना सारखा, रात्रीचा जागरही सारखा. पण पहाटे उपवास सोडावयाचा, तर सर्वांआधी उठून चुलीपाशी कोणी बसावे? उपाशीपोटी जागलेल्या बायांनीच! आणि पानावर बसलेला पाहुणा म्हणे, "बाईमाणसाची ही सेवा देवाला पावते हो." पावत असेलही, पण म्हणणाराच्या पदरी त्यातले काय पडले?

आमचे वडील माळकरी. दशमीच्या रात्री ते काकूच्या जागी जात्याला बसत, बारशीला पाण्याच्या घागरी स्वतः आणीत. आळीतली माणसे हसत. वडील एवढेच म्हणत, "अहो, देवाला लाज वाटली नाही, ती मला कशाला वाटावी?"

त्यांचे बोलणे जनाबाईच्या कथेवरचे. गंगाखेडची ही पोर दामाशेटींच्या घरी वाढली, नामदेवरायांच्या दारी राबली. तिच्यासंगे पांडुरंग दळू लागला, हे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. गोपाळपुरास तिचे जाते आजही दाखवितात. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दमलेल्या जनीला देवाने 'दळण हीच भक्ती' असा उपदेश केला नाही. तो समोर बसला नि त्याने खुंट्याला हात लावला.

म्हणून सज्जनहो, काम हीच भक्ती, हे ज्याने त्याने आपल्या कामापुरते म्हणावे. दुसऱ्याच्या कामाची थोरवी गाऊ नये, त्याला हात लावावा. आपल्या कष्टाला भजन म्हणणे ही भक्ती; दुसऱ्याच्या कष्टाला भजन म्हणून आपण बसून राहणे हा आळस, मग गळ्यात माळ असो वा नसो.

आता गिरणी आली, गॅस आला, जाती माळ्यावर गेली. तरी सर्वांआधी उठणारे नि सर्वांमागून जेवणारे एखादे माणूस पुष्कळ घरांत असते. येत्या बारशीला आपल्या घरी ते कोण, हे ज्याने त्याने पाहावे. आणि पाहून बसून राहू नये.

॥ रामकृष्णहरि ॥