अंगभूत दोष

बिलियर्डची काठी वाकली आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. ती टेबलाच्या कापडावर आडवी ठेवायची आणि तळहाताने हलकेच घरंगळत सोडायची. काठी सरळ असेल तर तिचे टोक कापडाला धरून निमूटपणे जाते. वाकलेली असेल तर टोक उचलले जाते, टेकते, पुन्हा उचलले जाते, आणि त्याच्याखाली उजेडाची एक चीर दिसते नि मिटते. 2023 च्या अधिक श्रावणात मी माझी काठी अशी घरंगळवली आणि ती लंगडत गेली.

या खेळाशी ज्यांचा संबंध नाही त्यांना एवढ्याशा गोष्टीचे दुःख वाटण्याचे कारण नाही. माझ्या पत्नीलाही वाटले नाही. "काठीच ती," ती म्हणाली, "दुसरी आणा." पण मी मुंबईला नोकरीला लागलो त्या 1979 सालापासून हा खेळ खेळत आलो आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद जिंकले, ही गोष्ट आमच्या ऑफिसच्या जिमखान्यातला म्हातारा मार्कर अशा थाटात सांगे की जणू त्या दिवशी खडू यानेच पुढे केला होता. चाळीस वर्षे मी जिमखान्याच्या आणि क्लबच्या सामाईक काठ्यांनी खेळलो. स्वतःची काठी पहिल्यांदा मिळाली ती निवृत्तीनंतर दहा वर्षांनी. 2022 च्या डिसेंबरात पुतण्या न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याने ती माझ्यासाठी आणली.

ती होती पूलची अमेरिकन काठी, अठ्ठावन्न इंच लांब, मधोमध स्क्रूने जोडायची. मागचा जाड भाग म्हणजे बट. त्यावर नक्षी, चकाकी, धाग्याची मूठ, सगळा थाट. पुढचा भाग म्हणजे शाफ्ट. त्याच्यावर काहीच नाही. नुसते मेपलचे गोरे लाकूड, टोकाला पांढरे फेरूल, आणि त्यावर तेरा मिलिमीटरची चामड्याची टिप. पण काठीची किंमत या साध्या शाफ्टात असते. बट वाकला तर खेळ बिघडत नाही असे नाही, पण शाफ्ट वाकला तर खेळच राहत नाही. आणि तो डाव्या हाताच्या बोटांमधून सरकायचा असल्यामुळे त्याच्यावर जाड रोगण चढवता येत नाही. ज्या भागाला संरक्षण सर्वांत जास्त हवे तोच उघडा ठेवावा लागतो. चांगले कारागीर हे ओळखून असतात. ते लाकूड महिनोन् महिने सुकवतात, लेथवर एका दमात उतरवत नाहीत. थोडे उतरवतात, टांगून ठेवतात, ते कुठे वळते आहे का पाहतात, मग पुन्हा थोडे. एवढे करूनही लाकूड हे लाकूडच राहते. हवेत दमटपणा वाढला की ते पाणी पिते आणि आडवे फुगते. लांबीत फारसे नाही. रेषा सरळ असल्या तर सगळीकडून सारखे फुगते. रेषा कुठे तिरप्या गेल्या असल्या तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ताणते आणि काठी मान वळवते.

काठीबरोबर एक जाड कागदाचे कार्ड आले होते. त्यावर ठळक अक्षरांत आजीवन हमी दिली होती. कोणाचे आयुष्य, काठीचे की माझे, ते लिहिले नव्हते. खालचा बारीक मजकूर मी भिंग घेऊन वाचला, आणि खरे सांगायचे तर वाचताना मला घरी आल्यासारखे वाटले. हमी फक्त मालातल्या व घडणीतल्या दोषांपुरती. टिप आणि फेरूल त्यात नाही. झीज नाही, पोचे नाहीत. परक्या माणसाने दुरुस्ती केली असल्यास काहीच नाही. हमी फक्त पहिल्या खरेदीदाराला, पावती दाखवल्यास. वाक येण्याबद्दल एक वर्षाची सवलत होती, पण काठी ओल, उष्णता आणि मोटारीची डिकी यांपासून दूर ठेवली असली तर.

घरी आल्यासारखे वाटले, कारण ही भाषा मी तेहेतीस वर्षे लिहिली होती. मी विमा कंपनीच्या दावा खात्यात होतो. आमच्याकडे या सगळ्याला एक सुंदर शब्द होता: अंगभूत दोष. फळ सडते, लोखंड गंजते, ओला कापूस आपोआप तापतो. ते त्यांच्या अंगातच असते, म्हणून विमा त्याचे पैसे देत नाही. 1963 च्या सागरी विमा कायद्यात साधी झीज आणि मालाचा अंगभूत दोष किंवा स्वभाव हे शेजारीशेजारी बसवले आहेत, आणि ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पॉलिसीतही ते तसेच उतरले आहेत. दोष किंवा स्वभाव! हे दोन शब्द एका दमात कसे लिहिले गेले याचा विचार मी तेहेतीस वर्षांत एकदाही केला नाही. दावे निकालात काढण्याची घाई असे.

आता स्वतःचीच काठी वाकल्यावर विचार करायला वेळ मिळाला. मेपल दमट हवेत वळले, हा त्याचा दोष की स्वभाव? स्वभाव म्हणावा, तर कारखानदाराने तो ओळखूनच माल विकला आहे. दोष म्हणावा, तर कार्डाप्रमाणे त्याने तो भरून द्यावा. की दोष माझा? कारण, वाचकहो, आता सांगून टाकतो. त्या आषाढात माझा गुडघा धरला होता आणि मी पाच आठवडे क्लबात गेलो नव्हतो. काठी जोडलेल्या अवस्थेत गॅलरीच्या भिंतीला टेकवून उभी होती. त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. कापडी पिशवी आतच कपाटात होती. मी रोज सकाळी तिच्याकडे पाहत होतो, आणि रोज उद्यावर टाकत होतो.

पण गोष्ट इतकी सरळही नव्हती. आमच्या क्लबातल्या मार्करने शाफ्ट खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला आणि जोडाच्या वरची एक जागा नखाने दाखवली. "साहेब, इथं रेषा पळालीये बघा. ही आज ना उद्या वळणारच होती." त्याने दाखवल्यावर मलाही दिसली. बारीक, तिरपी, बोटभर लांब. म्हणजे दोष मालातला होता. आणि भिंतीची ओलही खरी होती. वाक कोणामुळे किती आला हे त्या लाकडालाच विचारायला हवे होते.

त्यातून याच मार्करने मे महिन्यात जुनी टिप काढून नवी बसवली होती, म्हणजे परक्या माणसाची दुरुस्तीही झाली होती. या मार्करची एक गंमत आहे. तो कसलीच हमी देत नाही. विचारले तर म्हणतो, "खेळून बघा." पण त्या टिपेला पंधरा दिवसांत एका बाजूने पापुद्रा सुटला तेव्हा त्याने काही न बोलता दुसरी बसवली आणि पैसे घेतले नाहीत. तो कोणी संत नाही. दोन्ही वेळा फेरूल घासताना त्याचा हात जड पडला आणि फेरूल होते त्याहून आखूड झाले, ते मी पाहिले. मात्र त्याच्याकडे हमी नाही म्हणून नकारही नाही. काठी पुढे केली की तो ती हातात घेतो. 1930 च्या माल विक्री कायद्यात पाहिले तर 'हमी' हा 'अटी'हून हलका शब्द आहे. अट मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर फक्त नुकसान मागता येते, मालापासून सुटका नाही. आपण दुकानात ज्या शब्दाने हुरळून जातो तो कायद्याच्या घरी धाकट्या पंक्तीला बसतो.

पैशाने नुकसान भरते का, हा आणखी निराळा प्रश्न. स्टीफन हेंड्रीने ज्या काठीने स्नूकरची सात जगज्जेतेपदे मिळवली ती 2003 साली विमानाच्या प्रवासात मोडून हाती आली. मूळ काठी म्हणे काही महाग नव्हती. त्या दाव्याचा आकडा कोणत्या रकान्यात भरायचा हे मला आजही सांगता येणार नाही, आणि आकडे भरण्यात माझे आयुष्य गेले आहे.

मी पुतण्याला फोन केला. तो पहिला खरेदीदार, म्हणून अर्ज त्याच्याच नावाने जायचा. अर्जात दोन प्रश्न होते, हो किंवा नाही एवढेच उत्तर मागणारे. काठी ओलीपासून दूर ठेवली होती काय? परक्याने दुरुस्ती केली आहे काय?

"काका, पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. पाठवून देतो," तो म्हणाला.

"अरे, पण तसं नाहीये."

"ते तुम्हाला आणि मला माहीत. काका, या कंपन्या किंमत ठरवतानाच धरून चालतात की शंभरातले अमुक लोक असंच लिहिणार. त्याचे पैसे आपण आधीच भरलेत. खरं लिहिणारा दोनदा पैसे भरतो."

हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्हीही हप्ता ठरवताना तसेच धरून चालत असू. मी म्हणालो, रेष तिरपी आहे एवढे लिही आणि बाकीचे खरे लिही. तेव्हा तो हसला. "काका, भेट माझी होती. तिच्यासाठी खोटं बोलायचा हक्क तरी माझा असू द्या." यावर मला उत्तर सुचले नाही. नाव त्याचे, पावती त्याची, पैसे त्याचे. माझा खरेपणा मी दुसऱ्याच्या खर्चाने मिरवत होतो, हेही मला दिसत होते. तरी मी म्हणालो, "नको. खरं लिही, नाहीतर पाठवू नकोस." कारण विचारले तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणून फोन ठेवला.

कारण होते ते असे. 1994 साली कोल्हापूरकडच्या एका व्यापाऱ्याचा गूळ ट्रकने गुजरातेत चालला होता. वाटेत मृगाचा पाऊस लागला. माल पोचला तेव्हा खालच्या ढेपा पाझरल्या होत्या. गुळाला ओल सोसत नाही, हे कोल्हापुरातले पोरही सांगेल. पाऊस वरून शिरला की गूळ नुसत्या दमट हवेने सुटला, हे सर्वेयरलाही ठरवता आले नव्हते. दाव्याच्या अर्जात ताडपत्रीविषयी एक रकाना होता. त्या माणसाने त्यात स्वतःच्या हाताने लिहिले होते: ताडपत्री जुनी, एके ठिकाणी शिवलेली. कोणी विचारले नसते, कोणाला कळले नसते. मी अंगभूत दोष आणि अपुरे झाकण अशी दोन्ही कारणे दाखवून दावा नामंजूर केला. सही माझी. महिन्याभराने तो ऑफिसात आला. भांडायला आला असेल म्हणून मी शिपायाला जवळच थांबवले. तो खुर्चीवर बसलाही नाही. टोपी हातात घेऊन त्याने एकच विचारले, "साहेब, ताडपत्रीचं मी लिवलं नसतं तर?"

मी म्हणालो, "तर वेगळा विचार झाला असता."

तो मान हलवून गेला. त्याच्या मागे मी चहा मागवला, तेही मला आठवते. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. वरच्या साहेबांनी फाईलवर शेरा दिला तोही चांगलाच होता. पण त्या माणसाच्या एका खऱ्या ओळीची किंमत माझ्या सहीने ठरली होती, आणि आता दोन चौकोनांत खोट्या खुणा करून मी माझी काठी सरळ करून घेणार होतो. पुतण्याच्या हक्काचे मला मान्य होते. माझ्या हक्काचे जमत नव्हते.

पुतण्याने शेवटी खरे लिहिले, थोड्या रागाने. दहा दिवसांनी कंपनीचे उत्तर आले. तीन ओळींचे, अतिशय सभ्य. खेद, नियम, आणि पुन्हा सेवेची संधी मिळावी ही इच्छा. असे पत्र मीही इतके चांगले लिहू शकलो नसतो. तिरप्या रेषेबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. पुतण्या म्हणाला, आता कार्बनचा शाफ्ट घ्या, तो पाऊस ओळखत नाही. मी पाहू म्हणालो. पाहिले नाही.

मार्करने उपाय काढला. वाक ज्या बाजूला आहे ती बाजू शोधून त्याने जोडाजवळ बॉलपेनने एक ठिपका केला. ठिपका वर धरला की काठी डावीउजवीकडे जात नाही, फक्त किंचित खालीवर राहते, आणि नेम सरळ लागतो. काठी आता कपाटात, पिशवीत, आडवी असते. प्रत्येक फटक्याआधी ठिपका शोधण्याची मला सवय झाली आहे. समोरचे लोक म्हणतात, काका फार विचार करून खेळतात.

यंदा गणपतीला पुतण्या आला होता. आरती आटोपल्यावर मी त्याला क्लबात घेऊन गेलो. त्याने माझी काठी उचलली, टेबलावर घरंगळवली, ती लंगडत गेली ती पाहिली आणि काही बोलला नाही. मग उचलून बोटांत फिरवताना त्याला तो ठिपका दिसला. "हे काय, काका?"

त्या वेळी टेबल रिकामे होते आणि बाहेर पाऊस लागला होता. मी त्याला कोल्हापूरच्या गुळाची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर तो थोडा वेळ खडूच लावत राहिला. मग त्याने ठिपका वर धरला, वाकला, आणि म्हणाला, "त्यांचं नाव आठवतं तुम्हाला?"

नाव मला आठवत होते.