'आसिएन्दा' : कर्तव्य कीं मिळकत ?

शब्दांचा इतिहास हा पुष्कळदां मनुष्याच्या नीतीचाही इतिहास असतो. स्पॅनिश भाषेंतील 'आसिएन्दा' हा शब्द घ्या. मेक्सिकोंत विस्तीर्ण जमीन, मालकाचा वाडा, गुरें व राबणारीं कुटुंबें या सर्वांस मिळून हें नांव पडलें. स्पेनमध्यें सरकारी खजिन्यासही हाच शब्द आहे. अर्जेंटिनांत त्याचा अर्थ नुसतीं गुरें असाही होतो. त्याचेंच पोर्तुगीज भावंड 'फाझेन्दा' गोव्यांत सरकारी खजिन्याचें खातें म्हणून वावरलें.

परंतु मूळ पाहूं गेल्यास आश्चर्य वाटतें. लॅटिन 'फाकिएन्दा' म्हणजे 'करावयाच्या गोष्टी'. आपल्या 'कर्तव्य', 'करणीय' या रूपांसारखेंच हें रूप आहे. लॅटिन 'फाकेरे' व संस्कृत 'धा' हे धातूही एकाच मुळाचे. तेव्हां 'विधेय' हा या शब्दाचा दूरचा भाऊबंदच म्हटला पाहिजे. मग 'जें करावयाचें तें' याचा अर्थ 'जें आपलें आहे तें' असा कसा झाला ?

पायरी सरळ आहे. करावयाचीं कामें म्हणजे व्यवहार. पुढें व्यवहार ज्यावर चाले ती मालमत्ता. येथवर पाप कांहींच नाहीं. पाप घडलें तें कर्तव्य व मिळकत यांची फाळणी झाली तेव्हां. मिळकत मालकाकडे राहिली आणि करावयाच्या गोष्टी मजुराच्या वांट्यास आल्या. अनेक ठिकाणीं मजुरास मालकाच्याच दुकानांतून उधारीनें माल घ्यावा लागे, व तें कर्ज त्यास तेथेंच जखडून ठेवी. १९१० सालीं मेक्सिकोंत क्रांति पेटली. १९११ मध्यें सापाता व त्याचे अनुयायी यांनीं बळकावलेल्या जमिनी गांवांस परत मिळाव्या अशी जाहीर मागणी केली. १९१७ च्या राज्यघटनेनें मोठ्या मिळकती मोडण्याचा मार्ग खुला केला, आणि १९३४ ते १९४० या काळांत अध्यक्ष कार्देनास यांनीं सुमारें १ कोटी ८० लक्ष हेक्टर जमीन वांटली.

कोणी म्हणेल, मालकाची देखरेख व त्याचें भांडवल हेंही कर्तव्यच नव्हे काय ? आम्हांस तें मान्य आहे. परंतु पुष्कळ मालक दूर राजधानींत राहात. जो हक्क कर्तव्याच्या आधारें मागावयाचा, तो कर्तव्य सुटल्यावर कोणत्या आधारें टिकणार ? हा प्रश्न केवळ जमीनदारांपुरता नाहीं. ज्यास नवी जमीन मिळाली तोही उद्यां नुसती मिळकत पाहूं लागला, तर शब्दाचा तोच प्रवास पुन्हा सुरू होईल. म्हणून दस्तऐवजावर आपलें नांव वाचतांना प्रत्येकानें एवढें तरी विचारावें कीं, येथें करावयाचें काय आहे, आणि तें कोण करीत आहे ?