टोळक्यातले मित्र

निवांत बसा. पाठ टेकवा. वाचतानाही घाई करू नका.

आज मनात एक गाणं घ्यायचं आहे. हँक विल्यम्स ज्युनियरचं, १९८१ सालचं, 'ऑल माय राउडी फ्रेंड्स (हॅव सेटल्ड डाउन)'. अमेरिकेत कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातलं गाऱ्हाणं ओळखीचं आहे. रात्रभर पिऊन धुमाकूळ घालणारं टोळकं आता संसाराला लागलं आणि आपलंही शरीर पूर्वीसारखं साथ देईना. जॉर्ज जोन्स, वेलन जेनिंग्ज, जॉनी कॅश अशी खरीखुरी मित्रमंडळी गाण्यात नावानिशी येतात. गाणाऱ्याचं वय तेव्हा अवघं ३२.

इथे थांबा. तुमचं टोळकं आठवा. होस्टेलची गच्ची, वर्गणी काढून आणलेल्या बाटल्या. सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं? कोणाला धरून घरी न्यावं लागायचं? एकेक चेहरा येऊ द्या.

हुरहूर दाटली तर दाटू द्या. तिला एवढंच विचारा: मला नेमकं काय परत हवंय? ती दारू, ती जाग्रणं, की उद्याची फिकीर नसलेला मी?

उत्तर लगेच यायला हवं असं नाही. तोवर गाण्यामागच्या घरात जाऊ.

ज्युनियरचे वडील हँक विल्यम्स, कंट्री संगीतातलं फार मोठं नाव. १ जानेवारी १९५३ला ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला निघालेले असताना गाडीच्या मागच्या सीटवर ते गेले. दारूनं आणि औषधांनी शरीर पोखरलं होतं. वय २९. मुलगा तेव्हा ३ वर्षांचा. तो लहानपणीच वडिलांची गाणी स्टेजवर गाऊ लागला आणि ऑगस्ट १९७५मध्ये माँटानातल्या डोंगरावरून कोसळला. चेहऱ्याचा चुराडा झाला. कित्येक शस्त्रक्रिया झाल्या, बोलायलाही नव्यानं शिकावं लागलं. व्रण झाकायला त्यानं दाढी राखली, काळा गॉगल चढवला.

हे सावकाश मनात उतरू द्या. मित्र थंडावले म्हणून कुरकुरणारा हा माणूस वडिलांना न लाभलेल्या वयात उभा आहे. तारुण्य आठवून हळहळायची पाळी वडिलांवर आलीच नाही. तेवढं हळहळायलाही आधी जगावं लागतं.

आता पुन्हा तुमचे मित्र. त्यांतला कोणी आज नसेल, तर त्याच्यापाशी थोडं थांबा. मग उरलेल्यांकडे बघा. एक दहालाच झोपतो, एक चहात साखर घेत नाही. 'बदलला साला,' असं आपण म्हणतो. श्वास सोडा आणि त्याच चेहऱ्याकडे बघत म्हणा, 'वाचला साला.'

१९८४मध्ये ज्युनियरनं मित्रांना पुन्हा घरी जमवणारं गाणं केलं, आणि तेही गाजलं. तुम्हीही बोलवा. दंगा अकरापर्यंतच चालेल; तेवढाही पुष्कळ आहे.